पीएचपी मेलेली नाही, तिची आवृत्ती शिळी झाली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे स्टेशनपासून गोखले रोडपर्यंत संगणक क्लासांचे फलक बदलतात. हल्ली त्यांवर पायथन असते, 'फुल स्टॅक'च्या नावाखाली जावास्क्रिप्ट असते आणि एआय तर असतेच. पीएचपी या संकेतस्थळे चालवणाऱ्या भाषेबद्दल विचारले तर 'ती आता कोण शिकतं?' असे ऐकायला मिळते. ज्या पानावर त्याच क्लासची फी भरायची, ते पान बहुधा पीएचपीतच लिहिलेले असते, हा भाग वेगळा. वागळे इस्टेटमधल्या लघुउद्योगांची चलने, रबाळे-तुर्भ्याच्या कारखान्यांतला मालसाठा, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची मेंटेनन्स बिले अशा कामांची देखभाल करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. सोसायटीचे सचिव, छोटे कारखानदार आणि क्लासचालक या तिघांशी आम्हाला बोलायचे आहे, म्हणून पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ते पीएचपीत आहे. संकेतस्थळे बनवण्याचे वर्डप्रेस पीएचपीत आहे, कॉलेजांतले ऑनलाइन शिकवण्याचे मूडलही. सर्व्हरवरची भाषा ओळखता येते अशा दहापैकी सातांहून अधिक संकेतस्थळांवर पीएचपी आढळते, असे डब्ल्यू-थ्री-टेक्स या संस्थेची संकेतस्थळांची पाहणी सांगते. पण या आकड्याने हुरळून जाऊ नये, कारण त्यातला मोठा भाग ५ आणि ७ या मालिकांतल्या बंद पडलेल्या आवृत्त्यांवर आहे. ५.६ ला ३१ डिसेंबर २०१८ नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत, ७.४ ला २८ नोव्हेंबर २०२२ नंतर नाहीत. ८.१ ची मुदत २०२५ च्या अखेरीस संपली. ८.२ ची ३१ डिसेंबर २०२६ ला संपेल. आमचे म्हणणे एवढेच आहे की या भाषेला पायथन किंवा नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) मागे टाकत नाहीत. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' ही आपली वृत्ती तिला मागे टाकते.

भाषा करणाऱ्यांनी त्यांचे काम केले आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या पानासाठी केलेल्या साधनांतून ती वाढली. पीएचपी ६ हा युनिकोड (सर्व लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली) अंतर्भूत करण्याचा मोठा घाट २०१० मध्ये सोडून द्यावा लागला; ती आवृत्ती कधी आलीच नाही. २०१४ मध्ये फेसबुकने स्वतःची हॅक ही भाषा काढली, तेव्हा पीएचपीचे दिवस भरले असे अनेकांनी धरले होते. त्याला उत्तर म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आली. तिने अनेक जुन्या प्रणालींचा वेग जवळजवळ दुप्पट केला, तोही त्यांतले फार थोडे बदलायला लावून. पुढेही कोड लिहिण्याच्या नव्या सोयी येत राहिल्या: ८.० मध्ये युनियन टाइप आणि 'मॅच' आले, ८.१ मध्ये एनम आणि रीडओन्ली गुणधर्म, ८.४ मध्ये प्रॉपर्टी हुक. भाषेचा भार मोजक्या माणसांवर आहे हे तिच्या प्रमुख विकासकांपैकी एक निकिता पोपोव्ह दुसऱ्या कामाकडे वळले तेव्हा सर्वांच्या लक्षात आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पीएचपी फाउंडेशन उभे राहिले. ते देणग्यांतून विकासकांना मानधन देते. महापे-ऐरोलीतल्या ज्या कंपन्या या भाषेवर पोट भरतात, त्यांनी तिथे वर्षाला एका लॅपटॉपएवढी रक्कम टाकली तर काही बिघडणार नाही.

आता खरे काम. ५.६ वरची प्रणाली ८.४ वर कशी न्यावी?

आधी प्रत. फाइली आणि डेटाबेस दोन्हींची घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर एकदा उभी करून पाहावी. परत उभी न केलेली प्रत म्हणजे प्रत नव्हेच. मग आहे तो कोड, कितीही घाण असला तरी, जसाच्या तसा गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकावा. सुधारणा त्यानंतर. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आवृत्ती बदलण्याची एक यादी असते. त्यात सरळ ८.४ निवडून 'बघू काय होतं' असे करणारे बरेच भेटतात. ५.६ वरून प्रथम ७.४ वर थांबावे, कारण ८.० ने जे काढून टाकले त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल ७.४ फक्त बजावते आणि काम चालू ठेवते. सर्व सूचना लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या नोंदींच्या फाइलीत) लिहायला लावाव्यात, पडद्यावर मात्र दाखवू नयेत; फाइलींचे मार्ग आणि टेबलांची नावे अनोळखी माणसाला वाचायला देण्यात अर्थ नाही.

७.४ वर जातानाच पहिला मोठा दगड लागतो. मायएसक्यूएल डेटाबेसला क्वेरी (माहितीची मागणी) पाठवणारी मायएसक्यूएल_क्वेरी आणि तिच्या बहिणी ही फंक्शने ७.० मध्येच काढली गेली. पुष्कळ जण 'फाइंड-रिप्लेस' करून प्रत्येक ठिकाणी एक 'आय' घालतात आणि मायएसक्यूएलआय_क्वेरी करतात. ते चालत नाही, कारण नव्या फंक्शनला जोडणी आधी लागते आणि क्वेरी नंतर. जुन्यात क्रम उलटा होता. शिवाय एवढ्यावर थांबले तर एसक्यूएल इंजेक्शनचे, म्हणजे फॉर्ममधून परक्याने स्वतःची क्वेरी घुसवण्याचे, भोक तसेच राहते. हात लावायचाच आहे तर पीडीओ (डेटाबेसशी बोलण्याचा पीएचपीतला दुसरा मार्ग) घ्यावे आणि प्रत्येक मूल्य प्रीपेअर्ड स्टेटमेंटमधून, म्हणजे क्वेरीपासून वेगळे, द्यावे. दोन जागा त्यातही फसवतात. 'इन'च्या कंसातल्या यादीला प्रत्येक मूल्यामागे वेगळे प्रश्नचिन्ह लागते. आणि ज्या स्तंभावरून क्रम लावायचा त्याचे नाव असे बांधताच येत नाही. ते परवानगी असलेल्या नावांच्या यादीशी ताडूनच क्वेरीत घालावे.

आणखी एक. पीडीओ ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून चूक झाली की आपणहून एक्सेप्शन फेकतात, म्हणजे काम थांबवून चूक जाहीर करतात. वर्षानुवर्षे गुपचूप फसणाऱ्या क्वेऱ्या त्यामुळे अचानक पान बंद पाडतात, आणि दोष नव्या आवृत्तीच्या माथी येतो. वास्तविक त्या क्वेरीची नोंद आधीपासूनच साठवली जात नव्हती.

७.४ वरून ८ वर जाताना पान पांढरे पडले तर ते सोपे दुखणे समजावे. लॉगमध्ये ओळ क्रमांकासकट कारण मिळते. रिकाम्या यादीऐवजी नल (म्हणजे काहीच मूल्य नसणे) मिळून मोजणीचे काउंट फंक्शन फसणे हे त्यातले नेहमीचे. फंक्शनच्या नावाआधी '@' लावून ते दडपता येत नाही, ८.० पासून ते चिन्ह प्राणघातक चुका लपवत नाही. खरा त्रास न बोलणाऱ्या बदलांचा आहे. दोन उदाहरणे देतो.

अहवालाच्या यादीत इमारत १, २, ३ आणि 'सर्व' असे पर्याय आहेत, आणि कोडमध्ये 'निवड == ०' असेल तर सर्व इमारती दाखवा असे लिहिले आहे. ७.४ पर्यंत 'सर्व' हा शब्द शून्याशी तुलना करताना शून्य ठरत असे, म्हणून सर्व इमारती दिसत. ८.० मध्ये हा नियम बदलला. आता कोड 'सर्व' नावाची इमारत शोधतो, ती सापडत नाही आणि कोरा अहवाल येतो. चुकीचा एक शब्द कुठे उमटत नाही. दुसरे उदाहरण पीएचपी ४ च्या काळातल्या क्लासांचे, म्हणजे प्रोग्राममधल्या क्लासांचे. तेव्हा क्लासच्याच नावाचे फंक्शन कन्स्ट्रक्टर, म्हणजे वापर सुरू होताच आपोआप चालणारे फंक्शन, मानले जाई. ८.० पासून ते साधे फंक्शन आहे, कोणी बोलावल्याशिवाय चालत नाही. त्यात व्याजाचा दर भरला जात असेल तर दर नल राहतो, नल गुणिले थकबाकी बरोबर शून्य, आणि सोसायटीतल्या थकबाकीदारांची दिवाळी होते.

यावर उपाय एकच: मागच्या दोन-तीन महिन्यांची बिले जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर काढावीत आणि पैशापर्यंत ताडून पाहावीत. ताडणी संगणकाकडून करून घ्यावी, डोळ्यांनी नव्हे. मार्चअखेरचा ताळेबंद, व्याजाची आकारणी, सभासद बदलल्यावरचे हस्तांतर अशी वर्षातून एकदा चालणारी पाने मुद्दाम चालवावीत; इथेच घोडे पेंड खाते. मदतीला कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारे पीएचपीस्टॅन आहे. ते शून्य पातळीवर सुरू करावे, सध्याच्या तक्रारींची 'बेसलाइन' फाइल करून बाजूला ठेवावी आणि नव्या कोडमध्ये एकही तक्रार येऊ देऊ नये. पातळी नंतर सावकाश वाढवता येते. रेक्टर हे साधन जुने लिखाण आपोआप नवे करते. पण एका वेळी एकच नियमसंच लावावा, नाहीतर शेकडो फाइलींतले बदल तपासणार कोण?

मराठीचा प्रश्न मात्र परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही, म्हणून तो जरा सविस्तर. पीएचपीतली मजकुराची मूळ फंक्शने बाइट मोजतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइटांचे असते. 'ठाणे' या शब्दाची लांबी विचारली तर स्ट्रलेन हे फंक्शन १२ म्हणते. एमबी_स्ट्रलेन ४ म्हणते, कारण ठ, काना, ण आणि मात्रा ही वेगळी चिन्हे. ग्राफीम_स्ट्रलेन २ म्हणते, कारण वाचणाऱ्याला दोनच अक्षरे दिसतात. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत; कुठे कोणते वापरायचे हे कळले पाहिजे. डेटाबेसच्या स्तंभाची रुंदी तपासताना दुसरे, म्हणजे एमबी_स्ट्रलेन. एसएमएसलाही तेच: देवनागरी एसएमएस ७० चिन्हांचा असतो आणि लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७ मावतात. तिथे स्ट्रलेन वापरणारा प्रोग्राम क्रेडिटचा हिशेब तिप्पट लावतो. बातमीचा किंवा सूचनेचा सारांश पडद्यासाठी कापायचा असेल तर तिसरे, नाहीतर शेवटची वेलांटी किंवा मात्रा गळते. आणि बाइट मोजणाऱ्या साध्या सबस्ट्र फंक्शनने कापले तर शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. जोडाक्षरांची गणती ग्राफीम फंक्शने जिच्यावर चालतात त्या आयसीयू लायब्ररीच्या आवृत्तीप्रमाणे बदलू शकते, हेही ध्यानात असावे. बाइट लागतात ते पासवर्डला. पासवर्ड गुप्त रूपात बदलणाऱ्या पासवर्ड_हॅशमधली बीक्रिप्ट पद्धत पहिले ७२ बाइटच विचारात घेते, म्हणजे मराठीतली २४ चिन्हे.

आवृत्ती बदलल्यावर सर्वांत जास्त फोन येतात ते 'मराठी गेलं' म्हणून. जुना कोड डेटाबेसला जोडताना कोणती लिपी-संकेतना वापरायची हे सांगतच नसे; मजकूर लॅटिन-१ (रोमन लिपीपुरती जुनी संकेतना) म्हणवणाऱ्या स्तंभात यूटीएफ-८ चे बाइट म्हणून पडून असे आणि तसाच परत येई. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. नवी जोडणी प्रामाणिकपणे यूटीएफ-८ मागते, आणि पडद्यावर टोपीवाल्या रोमन अक्षरांची रांग येते. अशा वेळी काहीही बदलण्याआधी त्या स्तंभाचे हेक्स (साठवलेल्या बाइटांचे आकडे) पाहावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 'ई०-ए४' किंवा 'ई०-ए५' ने सुरू होते. लॅटिन-१ स्तंभात हेच बाइट दिसले तर मजकूर शाबूत आहे. स्तंभ आधी बायनरी प्रकारचा करावा आणि मग यूटीएफ-८-एमबी-४ चा (मायएसक्यूएलमधले पूर्ण यूटीएफ-८). मधली पायरी गाळून सरळ बदल केला तर डेटाबेस प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा संकेतबद्ध करतो. मग हेक्समध्ये 'सी३-ए०-सी२-ए४' दिसते. तेही दुरुस्त होते: यूटीएफ-८ वरून लॅटिन-१, तिथून बायनरी, तिथून यूटीएफ-८-एमबी-४. मात्र मधल्या काळात कोणी सेटिंग बदलले असेल तर एकाच टेबलात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. तिथे हेक्सची अट घालून ओळी वेगळ्या कराव्या लागतात. जिथे साधी प्रश्नचिन्हेच साठली आहेत तिथला मजकूर गेला. तो जुन्या प्रतीतून किंवा कागदावरूनच परत येईल.

मायएसक्यूएलचे नुसते 'यूटीएफ-८' घेऊ नये. ते ३ बाइटांपर्यंतचेच आहे. मराठीला पुरते, पण सभासदाने तक्रारीत इमोजी टाकला की ढिल्या सेटिंगवर पुढची सगळी तक्रार कापली जाते. यूटीएफ-८-एमबी-४ वर जाताना जुन्या डेटाबेसवर २५५ अक्षरांच्या स्तंभाचा इंडेक्स (शोधसूची) '७६७ बाइटांहून मोठा' म्हणून अडतो. १९१ अक्षरे केली तर बसतो, पण ओळींचा प्रकार 'डायनॅमिक' करणे जास्त बरे. त्यात मर्यादा ३०७२ बाइटांची आहे.

तारखांची एक गंमत. स्ट्रफटाइम ८.१ पासून बाद ठरवले आहे. त्याऐवजी इंटल विस्तारातला डेट-फॉर्मॅटर वापरला तर महिन्यांची नावे शुद्ध मराठीत येतात, आणि अंकही देवनागरी येतात. बिलावर ते शोभतात. तीच तारीख कोणी पुढे हिशेबाला वापरली तर मात्र '२०२५' चे पूर्णांकात रूपांतर शून्य होते. मोबाइलवरून फॉर्म भरणारेही देवनागरी अंक टाकतात; ते स्वीकारतानाच इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत.

वेगाबद्दल थोडक्यात. महिन्याच्या पहिल्या तारखेला बिले निघाली की सोसायटीचे पोर्टल बसते आणि 'पीएचपी स्लो आहे' असा शेरा मिळतो. सर्व्हरवर पीएचपीच्या प्रक्रिया चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये एका वेळी ५ च प्रक्रिया चालतात. सहावा सभासद रांगेत. डेटाबेस वगैरे वजा जाता १२०० एमबी मेमरी उरत असेल आणि एक प्रक्रिया ६० एमबी खात असेल तर हा आकडा २० ठेवता येतो. त्याहून वाढवला तर मेमरी संपून डेटाबेसच मरतो. ऑपकॅश (एकदा वाचलेला कोड तयार रूपात जपून ठेवणारी सोय) चालू आहे ना, तेही पाहावे.

नव्या भाषांशी आमचे वैर नाही. मशीन लर्निंग पायथनमध्येच करावे. हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतील, उदाहरणार्थ गाड्यांचा थेट माग, तर गो किंवा नोड सरस. पण चालती बिलिंग प्रणाली फक्त भाषा जुनी म्हणून नोडमध्ये पुन्हा लिहायला काढणे हा शुद्ध अपव्यय आहे. कुठल्या गिऱ्हाइकाला कोणती सूट, कुठल्या मालावर कोणता कर, या अटी कुठल्याही कागदावर नसतात. त्या जुन्या कोडमध्येच असतात, आणि नव्याने लिहिणारा त्या एकेक करून गिऱ्हाइकाच्या तक्रारींतून शिकतो. नवा भाग स्वतंत्र सेवा म्हणून शेजारी उभा करावा, दोघांनी एचटीटीपीवरून बोलावे, आणि एका टेबलात लिहिण्याचा हक्क एकाकडेच ठेवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा रद्द झाला तेव्हा ज्यांचे दर डेटाबेसमध्ये तारखेसह होते त्यांचे काम एका नोंदीत झाले. ज्यांचे दर फाइलींत विखुरलेले होते त्यांना फाइली शोधत बसावे लागले. ही अडचण पायथनमध्येही तशीच आली असती.

जुन्या आवृत्तीवर बसून राहण्याची किंमत सहसा दुसऱ्याच दाराने येते. सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या कार्यप्रणालीचा आधार ३० जून २०२४ ला संपला. तिच्याबरोबर येणारी पीएचपी ५.४ होती. त्याहून जुन्या सर्व्हरवरची ओपनएसएसएल ही लायब्ररी १.०.१ च्या आधीची असेल तर टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत येत नाही, आणि पेमेंट गेटवे किंवा करविषयक पोर्टल जोडणीच नाकारते. त्या दिवशी घाईत केलेले काम महागच पडते. शिवाय वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सभासदांचे फोन, पत्ते आणि भाडेकरूंची कागदपत्रे ठेवणाऱ्या पोर्टलच्या चालकांनी ती वाचावी.

क्लासचालकांना एक विनंती. पीएचपी शिकवायची असेल तर आजची शिकवा: पहिल्या दिवसापासून टाइप, कंपोझर (तयार लायब्ररी जोडण्याचे साधन), पीडीओ, एनम, मॅच, एखाद-दुसरी स्वयंचलित चाचणी, आणि मग लारावेल किंवा सिम्फनी यांपैकी एक तयार चौकट (फ्रेमवर्क). विद्यार्थ्यांनी नोट्सच्या पहिल्या काही पानांत मायएसक्यूएल_कनेक्ट दिसले तर फी परत मागायला हरकत नाही. ज्याला पायथन येते आणि जुनी पीएचपी प्रणाली न मोडता ८ वर नेता येते, असा मुलगा किंवा मुलगी आम्हाला तरी सहज मिळत नाही.

सोसायट्या आणि कारखान्यांनी वार्षिक देखभालीच्या करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. साधारणपणे दर नोव्हेंबरात पीएचपीची नवी आवृत्ती येते. आपली प्रणाली तिच्या एक आवृत्ती मागे असावी, दोनांहून मागे कधीच नाही. बदलाचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत व्हावे, कारण मार्चमध्ये लेखापाल हात लावू देत नाहीत. जमल्यास त्याआधी निघणाऱ्या पूर्व-आवृत्त्यांवर चाचण्या चालवाव्यात आणि सापडलेले दोष भाषेच्या विकासकांना कळवावेत. डेटाबेसची प्रत तिमाहीत एकदा दुसरीकडे उभी करून दाखवावी. डोमेन, होस्टिंग आणि गिटचे खाते सोसायटीच्या किंवा कंपनीच्या नावावर असावे, देखभाल करणाऱ्याच्या नव्हे. यात आम्हीही आलो.

आपले,
वागळे इस्टेट (ठाणे) व रबाळे (नवी मुंबई) येथील सॉफ्टवेअर देखभालीचे काम करणारे काही वाचक